पितरांचा शनिवार

सावेताला आराम ठाऊक नव्हता, आणि आराम करणाऱ्यांबद्दल तिचं मत काही फारसं चांगलं नव्हतं. नेआम्त्सच्या डोंगराखालच्या त्या गावात कुणी मेलं की पाद्र्याच्याही आधी सावेताला निरोप जायचा. डोक्याचा रुमाल करकचून बांधून ती मयताच्या घरात शिरायची आणि थोड्याच वेळात तिथल्या रडणाऱ्या बायका कांदे चिरायला बसलेल्या असायच्या. म्हणजे रडणंही व्हायचं आणि कामही. कोबीच्या पानांत खिमा-भाताचे सार्माले किती गुंडाळायचे, कुणाला कुणाच्या शेजारी बसवायचं नाही, कुठल्या दोन जावा एकमेकींचं तोंड पाहत नाहीत, आत्म्याला पलीकडे जाता यावं म्हणून वाटेवर पांढरी कापडं कुठे कुठे अंथरायची, सगळं तिच्या डोक्यात. गावातले मेलेले तर तिला घरागणिक पाठ होते, कोण कशानं गेला त्यासकट. जिवंतांपेक्षा त्यांचीच काळजी ती जास्त करते, असं तिची शेजारीण वार्वारा तोंडावर म्हणायची. सावेता म्हणायची, जिवंतांना मागता येतं, त्यांना येत नाही.

ओटिलिया तिची एकुलती एक मुलगी. याश शहरातल्या एका शाळेत ती गणित शिकवायची. नवरा कामासाठी इटलीला गेला तो तिकडचाच झाला, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सुट्टी लागली की ती गावी यायची. आई एकच गोष्ट दोनदा सांगते हे तिच्या लक्षात आलं होतं. पण त्या गावात सगळेच एकेक गोष्ट दहादा सांगतात, त्यात आईचं वेगळं काय? आई पहाटे उठते, कोंबड्यांना शिव्या देते, दुपारपर्यंत तीन घरं फिरून येते, अंगणात सदा कुणी ना कुणी बसलेलं असतं. अशा बाईच्या डोक्याची काळजी कोण करणार? ओटिलिया आईच्या गुडघ्यांची काळजी करायची.

मग फेब्रुवारीत फोन आला. गावात एका मयताचा स्वयंपाक चालू असताना सावेता लाकडं आणायला बाहेर पडली आणि परतलीच नाही. पुरुष शोधायला निघाले. नदीपलीकडे, जिथे तिचं माहेर होतं आणि आता नुसती दगडांची रास होती, तिथे ती बर्फात बसलेली सापडली. आईनं दार उघडलं नाही म्हणून थांबले, असं म्हणाली. तिची आई मरून अर्धशतक होत आलं होतं. डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली.

ओटिलिया धावत आली. पायाला पट्टी बांधलेली आई चुलीजवळ बसून वार्वाराला मक्याच्या पिठाचा मामालिगा कसा ढवळायचा ते शिकवत होती, आणि वार्वारा, जिनं जन्मभर मामालिग्याशिवाय दुसरं काही रांधलं नव्हतं, मुकाट्यानं शिकत होती. ओटिलियानं तिला अंगणात ओढलं.

"मावशी, किती दिवस चाललंय हे?"

"कुठलं हे?"

"वेड पांघरू नका."

वार्वारानं हात एप्रनला पुसले. "झाली असतील तीन-चार वर्षं. मीठ दोनदा पडायला लागलं म्हणून मीठ मी माझ्याकडे घेतलं. नाव अडलं की मी मागून सांगते. आधी खोकते, मग सांगते, नाहीतर खवळते ती. घर चुकते म्हणून कुणीतरी बोलवायला जातं आणि बरोबर घेऊन येतं. पण पातेल्यापाशी उभी राहिली की आम्हा सगळ्यांना खिशात घालते बघ. अजून. परवासुद्धा मला म्हणाली, वार्वारा, तू कांदा चिरतेस की त्याचा खून करतेस?"

"आणि मला कुणी एका शब्दानं सांगितलं नाही!"

"तुला सांगितलं असतं तर तू तिला नेली असतीस."

"मग आता नेतेच आहे."

"नेऊ नकोस गं," वार्वारा म्हणाली. तिचा आवाज एकदम उतरला. "तुझ्या त्या चौथ्या मजल्यावर काय करेल ती?"

"काही करायचं नाही. जन्मभर केलंच आहे. आता बसू दे तिला."

"तिला बसवलीस तर उठायची नाही."

"आणि इथे ठेवली तर? पुढच्या वेळी दोन बोटांवर भागेल का? तेव्हाही तुम्ही मागून खोकणार आहात का?"

 खरं सांगायचं तर ओटिलियाचं काही चुकत नव्हतं. बर्फ कुणाची वाट पाहत नाही, आणि वार्वारा स्वतः ऐंशीला टेकली होती. कोंबड्या तिच्याकडे गेल्या, चुलीतली राख काढली गेली आणि सावेता मुलीच्या हाताला धरून गाडीत बसली. किती दिवसांसाठी, तिनं विचारलं. थोड्या, ओटिलिया म्हणाली.

याशच्या त्या घरात सगळं नीट होतं. ओटिलियानं गॅसची कळ काढून कपाटात ठेवली, सुऱ्या कुलपात ठेवल्या, आई अडखळू नये म्हणून गालिचे गुंडाळले. खिडकीपाशी मऊ खुर्ची मांडली, समोर टीव्ही. सकाळी आईला भरवून, बाहेरून कुलूप लावून ती शाळेत जायची आणि घंटा झाली की पळत यायची. मैत्रिणी म्हणायच्या, किती करतेस गं आईचं! तिलाही तसंच वाटे.

सावेता पहिल्या आठवड्यात उठून उठून काम शोधत होती. एकदा तिनं घरातले होते नव्हते तेवढे बटाटे चमच्याच्या कडेनं सोलून ठेवले. ओटिलियानं कपाळाला हात लावला. "आई, एवढे कोण खाणार?" "माणसं येतील ना," सावेता म्हणाली. "कुणी येणार नाहीये, आई. तू बस." ती बसली. मग भांडी घासायला उठली. तू बस. मग खिडकीतून खाली जाणाऱ्या बाईला हाका मारून तिच्या सासूची तब्येत विचारू लागली. आई, इथे असं नाही करत. तू बस. ओटिलिया हे सगळं मायेनं म्हणे, आवाज चढू न देता म्हणे, आणि एप्रिल उजाडेपर्यंत सावेता बसायला शिकली.

पाचव्या मजल्यावर एक म्हातारा वारला तेव्हाची गोष्ट. शवपेटीचं झाकण रिवाजाप्रमाणे खाली इमारतीच्या दाराशी उभं केलेलं होतं. ओटिलिया आईला दवाखान्यातून घेऊन येत होती. सावेतानं ते झाकण पाहिलं आणि थांबली. जिना चढताना तिचा हात ओटिलियाच्या हातातून सुटला, आणि कुलूप उघडून ओटिलिया मागे वळते तो आई नाही.

ती वर होती. मेलेल्याच्या घरी कोट काढून, बाह्या सारून ती स्वयंपाकघराच्या मधोमध उभी होती. गव्हाचा प्रसाद करणारी सून भांबावलेली, कारण गहू तळाला लागत होता. सावेतानं तिच्या हातातून पळी घेतली. "आच काढ. कमी नाही, काढच. पातेल्यावर ओलं फडकं टाक. आणि आरसा कुणी उघडा ठेवलाय? झाका तो. मयताचा मोठा मुलगा कोण? तू? मग इथे काय करतोस, बापापाशी जाऊन बस. नाव काय त्यांचं?" नाव कुणीतरी सांगितलं. तिनं ते एकदाच ऐकलं, आणि पुढे एकदाही चुकली नाही. घरातली एक म्हातारी आत्या दाराशी उभी राहून रडत होती. म्हणत होती, देवानंच पाठवलं हो तुम्हाला, आमच्यात कुणाला काही येत नाही.

ओटिलिया उंबऱ्यावर उभी होती. दोन महिन्यांत तिनं आईचा हा आवाज ऐकला नव्हता. तिला बरं वाटायला हवं होतं. वाटली ती लाज. सुनेच्या चेहऱ्यावर आठी होती, ही कोण बाई घरात घुसली म्हणून, आणि ओटिलियाला तेवढी एकच आठी दिसली. "माफ करा हं," ती म्हणाली, "आईला बरं नसतं." तिनं आईच्या हातातली पळी काढून घेतली.

"अगं, लागेल ना ते खाली," सावेता म्हणाली.

"ते बघतील त्यांचं. चल."

त्या दिवसापासून जिन्यात तिनं आईचा हात मनगटापाशी धरायला सुरुवात केली.

त्यानंतर उतरण लागली ती थांबेना. सावेता घास तोंडात धरून गिळायचं विसरू लागली. ब्लाऊजची बटणं तिला कोडं घालू लागली. आणि एका सकाळी ओटिलिया तिचे केस विंचरत असताना ती अगदी सभ्यपणे म्हणाली, "अहो बाई, तुमचा हात हलका आहे हो. तुम्ही कुठल्या गावच्या?"

ओटिलियाचा हात थांबला. "आई, मी आहे. ओटिलिया."

"ओटिलिया माझी मुलगी," सावेता समजावून सांगू लागली. "ती शिकवते. येईल ती मला न्यायला."

त्या दिवशी ओटिलियानं वर्गात फळ्यावर गणित अर्धं सोडून दिलं. पुढे रोज तेच. मी ओटिलिया, आई. बघ, माझा हा तीळ बघ. हा माझा लहानपणचा फोटो बघ. सावेता फोटो बघून हसे, गोड पोर आहे म्हणे, आणि दाराकडे बघत विचारी, माझी मुलगी कधी येणार हो? ओटिलियाच्या नाकी नऊ आले. मग मेच्या अखेरीस सावेतानं ते विचारणंच सोडून दिलं. रोगानं आणखी एक गोष्ट पुसली, असं ओटिलियानं धरलं. वाईट वाटलं, पण कान निवले हेही खरंच.

मेंदूचे फोटो काढले तेव्हा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ते पडद्यावर लावून बराच वेळ पाहिले.

"फेब्रुवारीपर्यंत या गावभरचा स्वयंपाक करत होत्या, असं तुम्ही लिहून दिलंय. चुकून तर नाही ना?"

"नाही. दोन-दोनशे माणसांचा करायची."

"हा मेंदू त्याच्या कितीतरी आधीच आकसलेला आहे." त्यांनी पेननं काळ्या जागा दाखवल्या. "निदान दहा वर्षांचा रोग असेल. हे नुसतं बघितलं असतं तर मी म्हटलं असतं, या बाईंना स्वतःचं नावही सांगता येत नसणार."

"मग कशी करत होती?"

"काही माणसांत असं दिसतं. ज्यांचं डोकं सतत कशात तरी गुंतलेलं असतं, माणसं, नावं, भांडणं, नवं काहीतरी, त्यांच्या मेंदूत जास्तीच्या वाटा तयार होतात म्हणतात. मोठा रस्ता खचला तरी आडवाटेनं काम चालतं. रोग थांबत नाही, फक्त दिसत नाही. नक्की कुणालाच सांगता येत नाही, पण त्यांच्या भोवतीच्या त्या धबडग्यानं त्यांना बराच काळ उभं धरलं असावं."

ओटिलियाला पाचव्या मजल्यावरचं स्वयंपाकघर आठवलं. "आणि तो धबडगा काढून घेतला तर?" तिनं विचारलं.

बाईंनी पेन टेबलावर ठेवलं. "तुम्ही त्यांच्या भल्यासाठीच आणलंत."

"ते मला माहीत आहे. मी काय विचारतेय?"

"आणलं नसतंत तर कदाचित आणखी वर्षभर मिळालं असतं. कदाचित हेच झालं असतं. कदाचित त्या बर्फात गेल्या असत्या. मी खोटं काय सांगू?"

"परत नेलं तर?"

"न्या. पण आशा धरू नका."

ओटिलियानं पहिला शब्द ऐकला आणि दुसरा ऐकलाच नाही. शाळेतून तिनं रजा घेतली. पितरांचा शनिवार तोंडावर आला होता. त्या दिवशी गावातल्या बायका मातीचे मग भरून मेलेल्यांच्या नावानं वाटतात, आणि सावेताचं अंगण आदल्या दिवशी बायकांनी नुसतं फुललेलं असे. आईला परत आणायचं असेल तर तिथेच आणता येईल, असं तिनं मनाशी पक्कं केलं. गाडी चालवताना ती आईशी सारखी बोलत होती. शेजारच्या सीटवर सावेता मांडीवर हात ठेवून बसली होती, जसं तिला शिकवलं होतं तसं.

वार्वारानं तिला पाहिलं आणि तोंडावर हात घेतला. तीन महिन्यांत उभी बाई खाली आली होती. पण वार्वारा घट्ट मनाची, रडायचं सोडून ती ओरडली, "आलीस का भवाने! तुझ्या कोंबड्यांनी माझं परसू खाल्लं!" सावेतानं तिच्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही ते कळलं नाही.

शनिवारी सकाळी देवळाच्या आवारात बायकांनी गवतावर पांढरी कापडं अंथरली. मातीचे मग, चेरीचे घोस, कडबोळ्यासारखे पाव, मेणबत्त्या, दारू, गोड पाणी. ओटिलियानं आईला मधे बसवलं, तिच्यापुढे मग ठेवले आणि मागे सरून श्वास रोखून उभी राहिली. कितीतरी वेळ काहीच घडलं नाही. मग सावेताचा हात हलला. तिनं चेरीचा एक घोस उचलला, लाल दोरा दातांनी तोडला, घोस मगाच्या कानाला बांधला, वर पाव बसवला आणि त्यात मेणबत्ती खोचली. मग दुसरा. शेजारच्या तरुण बाईचा मग पाहून तिनं तिच्या हातावर चापट मारली. "मेणबत्तीशिवाय नुसता पाव ठेवतेस? आणि त्यांनी काय अंधारात चाचपडायचं?"

आवारात हशा उठला. वार्वारा हसता हसता डोळे पुसू लागली. ओटिलियाला वाटलं, आपल्याला आता इथेच, सगळ्यांदेखत, हुंदका फुटणार. जमलं. उशीर झाला होता पण जमलं. शाळा सोडू, इथेच राहू, आईच्या अंगणात रोज दहा बायका बसवू, तिला कधी म्हणून बस म्हणायचं नाही. उभ्याउभ्या तिनं मनात घर लावूनही टाकलं.

सावेता भरलेले मग घेऊन उठली. वार्वारानं काखेत हात घातला होता. पण खोकायची वेळ आली नाही. "हा माझ्या नवऱ्याच्या नावानं, तोआदेरच्या," म्हणत सावेतानं एक मग पाद्र्याच्या बायकोला दिला. तिनं मेणबत्तीसकट तो घेतला, रिवाजाप्रमाणे म्हणाली, "देव त्याला क्षमा करो," आणि एक घोट प्याली. "हा सासूच्या नावानं. घ्या. मला छळलं तिनं, पण तहान तर तिलाही लागत असेल." देव तिला क्षमा करो. आईच्या नावानं, बापाच्या नावानं, विहिरीत पडलेल्या भावाच्या नावानं. एकही नाव चुकलं नाही, एकाही नावाची जागा चुकली नाही.

शेवटचा मग राहिला. या मगाला तिनं सगळ्यात मोठा चेरीचा घोस बांधला होता. ज्योत वाऱ्यानं विझू नये म्हणून हाताचा आडोसा धरून ती हळूहळू चालत ओटिलियासमोर आली.

"घ्या बाई," ती म्हणाली. "तुम्ही माझं फार केलंत. हा माझ्या मुलीच्या नावानं. ओटिलियाच्या."

"अगं सावेता!" वार्वारा किंचाळलीच. "काय बोलतेस काय! ही बघ तुझ्यासमोर—"

"तू गप गं, वार्वारा." नाव बरोबर, आणि आवाज तो जुना, दहा बायकांना कांद्यापाशी बसवणारा. "सगळ्यांनी माझ्यापासून लपवलंत. मी काय खुळी आहे? मला त्या वरच्या खोलीत ठेवलं, रोज मी दाराकडे डोळे लावून बसले, आणि ती एकदासुद्धा आली नाही. माझी पोर तसली नाही. जिवंत असती तर मला न्यायला आली असती."

 सावेतानं हातातला मग आणखी पुढे केला, तशी दारू तिच्या बोटांवर सांडली. पुढे केलेला मग कुणी नाकारत नाही. नाकारला तर ज्याच्या नावाचा असतो तो पलीकडे तहानलेला राहतो, हे त्या आवारातल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. आई, मी आहे, हे ओटिलिया शंभरदा सांगून चुकली होती. आणखी एकदा सांगता आलं असतं. पण कितीतरी दिवसांनी आईनं एक अख्खा विचार शेवटाला नेला होता, आणि त्यात तिच्या मुलीबद्दल एक वाईट शब्द नव्हता.

ओटिलियानं दोन्ही हातांनी मग घेतला. तिचे ओठ नुसतेच हलले.

"मोठ्यानं म्हणा, बाई," सावेता म्हणाली. "तिला ऐकू जायला हवं."

"देव तिला क्षमा करो," ओटिलिया मोठ्यानं म्हणाली, आणि प्याली.